खाली ठेवलेलं कार्ड

माझ्या मैत्रिणीला खेळातलं काही कळत नाही, आणि खेळाडूंच्या कार्डांतलं तर त्याहून कमी. हे तिने गाडीत बसल्या बसल्या स्वतःच सांगून टाकलं.

"पण भाव करण्यातलं कळतं ना," ती म्हणाली. "तू फक्त बोट दाखव. बाकी माझ्यावर सोड."

सोडण्यावाचून इलाज नव्हता, कारण गाडी तिची होती. मस्कतमध्ये ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला मत नसतं. पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची परीक्षा मी कशीबशी पास झाले आणि रस्त्यावरच्या परीक्षेत अडकून पडले. तेव्हापासून मला कुठेही जायचं असलं की कोणाच्या तरी सोयीने, कोणाच्या तरी गप्पा ऐकत जावं लागतं.

बौशरच्या एका हॉटेलात खेळाडूंच्या कार्डांचं प्रदर्शन भरलं होतं, फक्त त्या शुक्रवारपुरतं. दुपारच्या नमाजनंतर उघडणार होतं. उघडल्या उघडल्या पोचायचं, असं मी तिला दोनदा मेसेज करून कळवलं होतं. दोन्ही मेसेजना तिने अंगठा पाठवला, उशिरा आली, आणि वाटेत चहाच्या टपरीसमोर गाडी लावून हॉर्न वाजवला. इथे हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. त्या दिवशी तो येईना. तिने पुन्हा हॉर्न वाजवला. मी घड्याळ बघत होते.

"एवढी घाई कसली? कार्डं काय पळून जाणारेत?"

 कार्डं पळून जातात, हे तिला समजावण्यात आणखी वेळ गेला असता.

मला एकच कार्ड हवं होतं. नऊ कप्प्यांचं एक पारदर्शक प्लास्टिकचं पान मिळतं, एकेका कप्प्यात एकेक कार्ड बसतं. माझ्या पानात आपल्या महिला संघाच्या एका जुन्या संचातली आठ कार्डं होती आणि नववा कप्पा रिकामा होता. तिथे विकेटकीपर हवी होती. ती आता खेळत नाही. ती खेळायची तेव्हा मुलींचे सामने टीव्हीवर क्वचित लागत आणि त्यांची कार्डंही थोडीच छापली गेली. शाळेत असताना मी तिचे सामने नेटवर शोधून बघायचे, ते तिचा आवाज ऐकायला. स्टंपमधल्या माइकवर ती सतत ऐकू यायची. बोलरला शाबासकी द्यायची, फील्डरला झापायची, बॅटिंग करणारीला टोमणे मारायची. मीसुद्धा दोन वर्षं शाळेच्या संघात विकेटकीपर होते. सरांनी मला स्टंपमागे उभं केलं, कारण मी उंचीने कमी होते आणि कशाला नाही म्हणायचे नाही. मग दर सामन्यात ते सीमारेषेवरून ओरडायचे, "बोल, बोल, कीपरने बोलत राहायचं असतं." मी चेंडू अडवायचे. बोलायचं तेवढं राहून जायचं.

हे सगळं मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. ते प्लास्टिकचं पान माझ्या सर्टिफिकेटांच्या फायलीत असतं, कारण ती फाईल आई उघडत नाही. आईने पाहिलं असतं तर ती रागावली नसती, फक्त "याचा उपयोग काय?" असं विचारलं असतं, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. ऑनलाइन मागवायचं तरी इथे पार्सल दारात येत नाही. आमची टपाल पेटी बाबांच्या कंपनीची आहे. माझ्या नावाचं काही आलं की ते आधी ऑफिसातल्या सगळ्यांना कळतं, मग बाबांना, मग मला. त्यामुळे कार्ड मिळायचं तर असंच, एखाद्या प्रदर्शनात समोर पडलेलं मिळायला हवं होतं.

मैत्रीण अकरावीत आमच्या शाळेत आली, तोवर माझं क्रिकेट संपलं होतं. तिला एवढंच माहीत होतं की मी क्रिकेटचं कसलंसं कार्ड शोधतेय. कसलं, असं तिने विचारलं होतं. "असंच," मी म्हटलं होतं.

प्रदर्शन लग्नाच्या हॉलमध्ये होतं. टेबलांवर चुण्या घातलेली गुलाबी साटीनची कापडं होती, समोर नवरा-नवरीचं रिकामं स्टेज होतं आणि एसी इतका जोरात की सगळी माणसं हात काखेत घालून हिंडत होती. बहुतेक टेबलांवर फुटबॉल होता, आणि जपानी कार्टूनची कार्डं. क्रिकेटचं एक टेबल मला पार कोपऱ्यात दिसलं. मी तिकडे निघाले, आणि मैत्रीण पहिल्याच टेबलापाशी थांबली.

तिथे एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. एका रियालला त्यातली मूठभर कार्डं उचलायची.

"ए, हे बघ ना. किती स्वस्त."

"तुला फुटबॉल आवडत नाही."

"म्हणून काय झालं? मूठभर म्हणजे किती ते बघू दे." तिने टेबलामागच्या माणसाला विचारलं, "भैया, मुट्ठी मेरी या आपकी?"

तो हसला आणि म्हणाला, तुमची. मग तिने मूठ मोठी कशी होईल यावर विचार सुरू केला. अंगठ्याच्या बेचक्यातून, करंगळीच्या टोकापर्यंत. मागे दोन माणसं ताटकळली होती. मी तिच्यापासून जराशी दूर सरकले. अशा वेळी मी ओळख नसल्यासारखी उभी राहते, ती सवय जुनी आहे.

"तू हो पुढे," ती शेवटी म्हणाली. "पण काही घेऊ नकोस हां. मी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

ही सूचना मला करायची काही गरज नव्हती.

क्रिकेटच्या टेबलामागे एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. ते सलालाहहून आले होते, असं ते शेजारच्याला सांगत होते. इतका लांबचा प्रवास करून आल्याच्या मानाने त्यांचा माल थोडा होता, लाकडाच्या दोन लांब पेट्या, पण देशांप्रमाणे, वर्षांप्रमाणे नीट लावलेला. मी मागच्या पेटीत हात घातला. असं शोधताना मला बरं वाटतं. कोणी काही विचारत नाही, आणि मान खाली ठेवायला कारण असतं.

आणि ती सापडली. पॅड बांधून खाली बसलेली, ग्लव्ह्ज पुढे, तोंड अर्धवट उघडं. फोटो काढला त्या क्षणीही कोणाला तरी काहीतरी सांगतच असणार. एक कोपरा किंचित मुडपला होता. मागे किंमत चिकटवलेली होती, पाच रियाल.

मी ते हातात धरून उभी राहिले. कार्डांच्या प्रदर्शनात एक रीत असते. कार्ड तुमच्या हातात आहे तोवर दुसरा कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मालकसुद्धा ते दुसऱ्याला विकत नाही. तुम्ही विचार करा, फोटो काढा, भाव करा, तेवढा वेळ ते तुमचं. पण खाली ठेवलंत की तुम्हाला नको, असा अर्थ. हे मी संग्राहकांचं वाचून वाचून शिकले होते. म्हणून मी निवांत होते. मनात वाक्य जुळवत होते. पाच म्हणजे पाच, असं मी ठरवलंही होतं. पैसे बाजूच्या खिशात वेगळे काढून ठेवले होते.

"मिळालं?" मैत्रीण आली. तिच्या हातात फुगलेली पिशवी होती.

"हो. हे."

"एवढुसं?" आणि तिने ते माझ्या हातातून घेतलं. "भैया, कितना?"

"लिखा है, मॅडम. पाँच."

"पाँच?" तिने कार्ड उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "ये कोना तो मुड़ा हुआ है. दो."

"मॅडम, ये कार्ड मिलता नहीं."

"मिलता नहीं, क्योंकि कोई लेता नहीं."

मी गालिच्याकडे बघत होते. हे सगळं पुढे कसं जातं ते मला पाठ होतं, कारण हे तिचं नाही, तिच्या आईचं आहे. तिची आई मूळची मालवणकडची, इथे मस्कतमधल्या मत्र्याच्या मासळी बाजारात तिला ओळखत नाही असा विक्रेता नाही. तिची रीत अशी: वस्तू हातात घ्यायची, दोन दोष काढायचे, नाक मुरडायचं, वस्तू खाली ठेवायची आणि चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. बघितलं की संपलं, त्याला कळतं आपल्याला हवंय. सुरमईच्या बाबतीत हे दर वेळी चालतं. थोडं पुढे गेलं की हाक येतेच.

तिने माझं कोपर चिमटलं. ती आमची खूण.

"चल गं. नकोच ते," ती मोठ्याने म्हणाली, आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"अगं..."

"चल म्हणते ना. मागे बघू नकोस."

आणि मी चालले. अजूनही मला तिच्यापेक्षा या गोष्टीचा जास्त संताप येतो. हात पुढे करून ते परत उचलायचं होतं, बस. बोलायचीही गरज नव्हती. पण तिने दंड धरला होता, ते गृहस्थ बघत होते, आणि लोकांसमोर ओढाताण करण्यापेक्षा मी निमूट चालणं पसंत करते. आम्ही झेंडे आणि मफलर विकणाऱ्या एका टेबलापाशी जाऊन उभ्या राहिलो. तिने एक मफलर उचलून उगाच बघितला.

"आता बोलावतो बघ," ती पुटपुटली.

कोणी बोलावलं नाही.

"थांब. मुरलेला दिसतोय."

"परत जाऊ या का?"

"इतक्यात नाही. भाव खाऊ दे त्याला थोडा."

मी वळून पाहिलं. टेबलापुढे पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला, डोक्यावर नक्षीची कुम्मा टोपी घातलेला एक ओमानी तरुण उभा होता. कार्ड त्याच्या हातात होतं. त्याने घासाघीस केली नाही. खिशातून नोट काढली, दिली, मान लववली, आणि गेला. आपल्याला चहा सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं आटोपलं.

आम्ही परत पोचलो तेव्हा मैत्रीण आधी पेटीत शोधायला लागली, जणू ते चुकून आत पडलं असावं.

"बिक गया, मॅडम," गृहस्थ म्हणाले.

"बिक गया मतलब? हम तो आ रहे थे."

"आपने रख दिया ना."

"रख दिया तो क्या हुआ?"

त्यांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "मैं देख रहा था, शायद आप पलट के देखेंगी. आपने देखा ही नहीं."

यावर मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

तो तरुण खरेदीला आलेला नव्हता. दाराजवळ त्याचंच टेबल होतं. आम्ही पोचेपर्यंत त्याने कार्डाला जाड पारदर्शक कव्हर घालून ते पुढे छोट्या स्टँडवर उभं केलं होतं. आता त्यावर आठ लिहिलं होतं.

मैत्रिणीने सलवारीचा पाय झटकला आणि ती रिंगणात उतरावी तशी टेबलापाशी गेली. "अर्बाब," तिने सुरुवात केली. अर्बाब म्हणजे मालक. कंपनीतले कामगार आपल्या मालकाला म्हणतात. हा आमच्याच वयाचा मुलगा होता. त्याला हसू आलं. त्याचं हिंदी चांगलं होतं, इथल्या बऱ्याच जणांचं असतं.

"अर्बाब, ये अभी पाँच में लिया आपने. हमने देखा."

"हाँ, लिया."

"तो पाँच में दे दो. कार्ड हमारा था."

"तुम ने रखा, हम ने उठाया. खलास."

"छह. यल्ला, छह. दोस्ती में."

"दोस्ती में आठ. दुश्मनी में दस."

शेजारच्या टेबलावरची माणसं ऐकायला लागली होती. मैत्रिणीला ते आवडतं. तिचा आवाज चढला. कार्डाचा कोपरा, महिलांचं क्रिकेट, ओमान आणि भारताचे जुने संबंध, सगळं तिने मधे आणलं. तो शांतपणे ऐकत होता आणि प्रत्येक वेळी आठ म्हणत होता. मग माझ्या कोपराला चिमटा बसला.

"चल," ती मराठीत म्हणाली. "जरा पुढे जाऊ. खाली येतोय तो."

"येत नाहीये."

"येईल. मी सांगते ना."

"मी नाही जाणार."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत."

हे मी म्हटलं. तिने माझं कोपर सोडलं, कदाचित आवाजामुळे. मलाही तो मोठा वाटला. मी त्या मुलाला इंग्रजीत म्हटलं, मला हे हवंय, मी घेते. तो ऐकतच होता तरी पुन्हा म्हटलं. खिशातल्या पाचात पाकिटातले आणखी घातले आणि दिले. त्याने कार्ड स्टँडवरून काढून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.

"ये आपकी दोस्त है?" त्याने विचारलं.

"हाँ."

"अच्छा भाव करती है."

"याचा अर्थ काय?" मैत्रीण मला विचारत राहिली, लिफ्टमध्येसुद्धा. "टोमणा होता ना तो? टोमणाच होता."

पार्किंगमध्ये गाडी तापून भट्टी झाली होती. तिने एसी पूर्ण सोडला, पिशवी मागच्या सीटवर फेकली, आणि आम्ही हायवेला लागलो. ती रागावली की गाडी जोरात चालवते.

"आठ रियाल," ती शेवटी म्हणाली. "रुपयात किती होतात माहितीये?"

"माहितीये."

"एका कागदाला. मी असताना."

"तू होतीस म्हणून आठ झाले. मी एकटी असते तर पाचला मिळालं असतं."

असं मी तिला कधी बोलले नव्हते. तिला नाही, कोणालाच नाही. ती समोर बघत राहिली. मला लगेच माघार घ्यावीशी वाटली, आणि घ्यायची नाही असंही वाटलं, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग तिथेच बोलायचं ना," ती म्हणाली. "पाच तर पाच. मी दिले असते."

"बोलले होते. अगं म्हटलं होतं."

"अगं? अगं म्हणजे काय? अगं तर तू चहा सांडला तरी म्हणतेस." तिने हॉर्न दाबला, पुढे कोणी नसताना. "तुझ्या तोंडावर कधी काही दिसतं का? मी विचारलं, कसलं कार्ड. तर म्हणे असंच. असंच म्हणजे मला वाटलं असंच. हे नाही तर दुसरं चालेल. माझ्या आईला सुरमई नाही मिळाली तर ती बांगडा घेते."

"हे बांगड्यासारखं नाहीये."

"मला काय माहीत? तू सांगितलंस?"

तिचं थोडंफार खरं होतं, आणि त्यामुळे माझा राग जायच्या ऐवजी वाढला. माणसाला धड रागावूही देत नाही ही. चूक तिची, आणि समजावून सांगायचं मी.

"कोण आहे ती बाई?" तिने विचारलं.

"विकेटकीपर."

"ते दिसलं. पण तुझी कोण?"

मग मी सांगितलं. शाळेचा संघ, दोन वर्षं, स्टंपच्या माइकवरचा आवाज. रिकाम्या नवव्या कप्प्याचंही सांगितलं. सलग सांगताच येईना. मधेच ती लेन बदलायची, मधेच काहीतरी विचारायची.

"म्हणजे तू खेळायचीस? क्रिकेट?"

"हो."

"ती मागे बसलेली असते ती? जी सारखी ओरडत असते?"

"हो. पण मी ओरडायचे नाही."

"मग काय करायचीस?"

"चेंडू अडवायचे."

ती हसायला लागली. इतकी हसली की आमचा एक्झिट मागे गेला. मस्कतमध्ये एक्झिट चुकला म्हणजे पुढचा येईपर्यंत सरळ जात राहायचं, मग वळसा, मग तेवढंच परत. मी तिला एक्झिट येतोय हे सांगितलं होतं. हळू सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

वळसा घेताना तिच्या आईचा फोन आला. तो गाडीच्या स्पीकरवर लागला.

"खंय आसात गो? जेवान थंड जालां."

"येतंव गे आये. वाटेत आसंव."

"तां न बोलणारां चेडू आसा काय वांगडा?"

"आसा. ऐकता हा तां." न बोलणारं चेडू, म्हणजे न बोलणारी मुलगी, ती मी.

"मगे तेकाय घेवन ये जेवूक."

"आये, तुका म्हायत आसा? शाळेत तां विकेटकीपर होतां."

मी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं सर्टिफिकेटांच्या फायलीत जपलेली गोष्ट एका वळशाच्या अंतरात हिने स्पीकरवर लावली. आता ही तिच्या आईकडून माझ्या आईकडे जाणार, आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी बाबांच्या ऑफिसात. मी हाताने नको नको केलं. तिने ते पाहिलं आणि पुढे बोलत राहिली.

"तेचाच कार्ड घेवक गेललंव. गावलां."

"कितक्याक गावलां?"

मैत्रीण थांबली.  तिने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाचाक," ती म्हणाली.

"आणि तो सांगी होतो कितके?"

"आठ."

"बरां केलंस." आईचा आवाज खूश झाला. मग तो माझ्याकडे वळला, माझ्याशी त्या नेहमी जपून शुद्ध बोलतात. "खरंच का गं बाळा? आठाचे पाच केले हिने?"

मैत्रीण रस्त्याकडे बघत होती. कानापर्यंत लाल झाली होती. ती अशी होते हे मला माहीत नव्हतं.

"हो काकू," मी म्हटलं. "तिने खूप घासाघीस केली."

"मग? मुलगी कुणाची?" काकू म्हणाल्या, आणि जेवायला किती वेळात पोचताय ते विचारू लागल्या.